घर मोजताना जात विचारता, मग दवाखाना मोजताना का नाही?

२०२४ च्या जूनमध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे काही आकडे वर्तमानपत्रांत आले होते. एक दिवस गाजले आणि विसरले गेले. या अभियानाखाली उपकेंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत देशात दोन लाखांहून जास्त सरकारी आरोग्य संस्था आहेत. 'भारतीय सार्वजनिक आरोग्य मानके' म्हणजे आयपीएचएस या नावाने सरकारनेच किमान पातळी ठरवलेली आहे. आपला दवाखाना त्या पातळीला किती पुरतो, याची माहिती प्रत्येक संस्थेने ऑनलाइन भरायची होती. भरली ४०,४५१ संस्थांनी. त्यातल्या ८,०८९ संस्थांना ८० टक्के किंवा जास्त गुण मिळाले, म्हणजे त्या पास. १७,१९० संस्था पन्नास टक्क्यांच्याही खाली. उरलेल्या १५,१७२ मध्ये कुठेतरी लटकलेल्या.

पेपर सरकारचा, उत्तरं लिहिणारेही सरकारचेच. कुणी बाहेरचा परीक्षक बसलेला नाही. तरीही पाचातले चार नापास! ज्यांनी पेपरच दिला नाही त्यांचं काय, हे तर कुणी विचारलंही नाही.

या आकड्यांवर सत्ताधाऱ्यांना झोडपणं सोपं आहे आणि ते झोडपायलाच हवेत. पण आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. या पेपरात प्रश्न कोणते होते? इमारत आहे का, खाटा किती, डॉक्टर किती, नर्स किती, औषधं कोणती, तपासण्या कोणत्या, यंत्रं चालू आहेत का. हे विचारायलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण या दवाखान्यात कोण येतं, कोणाला हात लावून तपासलं जातं, कोणाला दारातूनच 'पुढे घेऊन जा' सांगितलं जातं, हे त्या पेपरात नाही. बौद्ध वस्तीतली बाई, पारधी तांड्यावरची बाई आणि सरपंचाच्या घरातली बाई या तिघींना एकाच दवाखान्यात एकसारखी सेवा मिळते, असं गृहीत धरूनच तो पेपर काढलेला आहे. ज्या देशात एका विहिरीचं पाणी तिघींना एकसारखं मिळालं नाही, तिथे हे गृहीतक कुठून आलं?

आधी त्या मोजल्या जाणाऱ्या गोष्टींबद्दल थोडं, कारण आपले तरुण कार्यकर्ते हा भाग कंटाळवाणा म्हणून सोडून देतात. १९४६ साली भोर समितीने अहवाल दिला. दीर्घ पल्ल्याची तिची कल्पना अशी होती की दर दहा ते वीस हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं आणि त्याला ७५ खाटांचं रुग्णालय जोडलेलं असावं. आज निकष काय आहे? सपाट भागात तीस हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येला एक केंद्र. खाटा सहा. म्हणजे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर जे किमान वाटत होतं, ते ऐंशी वर्षांत वाढायचं सोडून आक्रसलं. आयपीएचएस २००७ मध्ये आलं, २०१२ आणि २०२२ मध्ये सुधारलं गेलं. पट्टी आधीच तोकडी आणि त्या पट्टीलाही आपण पुरत नाही. तज्ज्ञ डॉक्टरांचं पाहा. केंद्राच्याच २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशभरातल्या ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत जेवढे तज्ज्ञ लागतात त्यातले सुमारे ऐंशी टक्के कमी आहेत. शल्यचिकित्सकांची तूट ८३ टक्के, स्त्रीरोगतज्ज्ञांची ७४ टक्के. आपल्याकडे ज्याला ग्रामीण रुग्णालय म्हणतात त्या पातळीची ही गोष्ट आहे. सिझेरियन करायला बाई तिथे पोचते आणि तिथून तिला जिल्ह्याला धाडतात, ते का, याचं अर्धं उत्तर या टक्केवारीत आहे.

अर्धंच म्हणतो आम्ही. उरलेलं अर्धं मोजलं जात नाही.

आमचं शिक्षण समाजशास्त्राचं, त्यामुळे एक गोष्ट डोळ्यांत खुपते. आपल्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण होतं. २०१९ ते २०२१ या काळात त्याची पाचवी फेरी झाली. प्रगणक घरी येतात, बाळंतपण कुठे झालं विचारतात, बाळाला लस दिली का विचारतात, रक्त तपासतात आणि अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी की इतर, हेही लिहून घेतात. म्हणून तर आपल्याला कळतं की कोणत्या समाजातल्या बायका जास्त अशक्त आहेत, कोणाची बाळं जास्त दगावतात. पण हे सर्वेक्षण दवाखान्याच्या आत जात नाही. दवाखान्याच्या आत जातात त्या पाहण्या वेगळ्या. आयपीएचएस, 'कायाकल्प', राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकं. जागतिक आरोग्य संघटनेची 'सारा' नावाची पद्धतही याच कुळातली. तिच्यात 'सज्जता' मोजतात म्हणजे पाणी, वीज, उपकरणं, जंतुसंसर्ग रोखण्याची सोय, निदान, औषधं. या पाहण्या दवाखान्याला प्रश्न विचारतात, पण तिथे येणाऱ्याची जात कुठेच लिहीत नाहीत. एका वहीत जात आहे पण दवाखाना नाही, दुसऱ्या वहीत दवाखाना आहे पण जात नाही. दोन्ही वह्या एकत्र शिवल्या तर काय दिसेल, याची ज्यांना भीती आहे त्यांनी त्या वेगळ्या ठेवल्या, असं आम्ही म्हणणार नाही. कदाचित कुणाला ते सुचलंच नसेल. पण न सुचणं हीसुद्धा जातीचीच गोष्ट आहे. ज्याच्या हातात वरून गोळ्या टाकल्या गेल्या नाहीत, त्याला तो रकाना सुचणार कसा?

यावर एक ठरलेलं उत्तर येतं: रोगाला जात नसते, दवाखान्यात जात कशाला आणता? अहो, रोगाला नसेल, रोग्याला आहे. तपासणाऱ्याला आहे. आणि दवाखान्याला जात विचारायला लाज वाटते असंही नाही. जननी सुरक्षा योजनेचे पैसे महाराष्ट्रात दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला मिळतात. ग्रामीण भागात ७०० रुपये, शहरात ६००. ते द्यायचे म्हटलं की जातीचा दाखला लागतो, त्याची झेरॉक्स लागते, नाव जुळत नसेल तर आणखी एक चक्कर लागते. सातशे रुपयांसाठी तुमची जात कागदावर पाहिजे. पण तीच बाई कळा येत असताना किती वेळ बाकावर बसली, तिला कोणी हात लावला, तिला किती वाजता आणि कोणत्या कारणाने पुढे पाठवलं, हे तपासताना मात्र सगळे एकदम जातीच्या पलीकडे गेलेले!

'वागणूक मोजता येत नाही' हा दुसरा युक्तिवाद. हा तर सरळ खोटा आहे. २००६ साली 'अनटचेबिलिटी इन रूरल इंडिया' हे पुस्तक आलं. घनश्याम शहा, हर्ष मंदर, सुखदेव थोरात, सतीश देशपांडे आणि अमिता बाविस्कर यांनी ११ राज्यांतल्या ५६५ गावांच्या पाहणीवर ते लिहिलं. त्यात आढळलं की सुमारे ३३ टक्के गावांत सरकारी आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरी जायला नकार देतात. तीन गावांमागे एक गाव! ही नर्स, हा आरोग्यसेवक सरकारच्या हिशोबात 'भरलेलं पद' आहे. पगार निघतो, हजेरी लागते, गुण मिळतात. आमच्या वस्तीसाठी मात्र ते पद रिकामं आहे. याच विषयावर संघमित्रा आचार्य यांनी गुजरात आणि राजस्थानातल्या दलित मुलांना बोलतं करून अभ्यास केला. त्यांनी बघितलं काय? डॉक्टरने तपासताना स्पर्श केला का, किती वेळ दिला, औषध हातात दिलं की कसं दिलं, रांगेत किती थांबवलं, बोलताना भाषा कशी होती. यातली एकही गोष्ट न मोजता येणारी नाही. घड्याळ लागतं, कागद लागतो आणि विचारायची इच्छा लागते.

इथे एक खुलासा केला पाहिजे, नाहीतर कुणी जाणकार आम्हाला पकडेल. राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकांत भेदभाव होऊ नये असं एक मानक आहे. सामाजिक, आर्थिक, सांस्कृतिक कारणाने सेवेत अडथळा येता कामा नये, असं त्यात लिहिलं आहे. लिहिणाऱ्यांचे आभार. आता ते तपासतात कसं ते पाहा. शेकडो मुद्द्यांच्या यादीतले ते काही मुद्दे. पाहणारा येतो, कर्मचाऱ्यांना विचारतो, नोंदी बघतो, दाखल असलेल्या रुग्णाशी बोलतो. रुग्ण खाटेवर आहे, बाळ कुशीत आहे, नर्स शेजारी उभी आहे आणि संध्याकाळचं इंजेक्शन त्याच नर्सच्या हातून घ्यायचं आहे. 'तुम्हाला इथे नीट वागवतात का?' या प्रश्नाला ती बाई काय उत्तर देणार? 'हो सायेब, चांगलं हाय.' लागली बरोबरची खूण. शिवाय जिला दारातूनच परत पाठवलं ती मुलाखतीला आहेच कुठे? ती वाटेत आहे, जीपमध्ये आहे किंवा घरी परतली आहे. दवाखान्याच्या आत उभं राहून दवाखान्याने बाहेर ठेवलेल्यांची मोजणी होत नसते.

आणि या पाहण्यांच्या आधीचे आठ दिवस ज्यांनी पाहिले आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. भिंतींना रंग लागतो. कुंड्या येतात. कुठल्या तरी खोलीत पडलेले पडदे बाहेर निघतात. हक्कांची सनद फ्रेम करून टांगली जाते, तीही अशा उंचीवर की वाचायला शिडी लागावी. आम्ही काम करतो त्या भागातल्या एका केंद्रात पाहणीपुरत्या आलेल्या दोन चाकाच्या खुर्च्या पुढच्या सोमवारी गाडीत घालून परत गेल्या, हे वस्तीतल्या पोरांनी उभं राहून पाहिलं. 'कायाकल्प' ही स्वच्छतेच्या बक्षिसाची योजना २०१५ मध्ये सुरू झाली. स्वच्छता हवीच. पण हे बक्षीस जो दवाखाना जिंकतो तो झाडतो कोण? कोणत्या ठेकेदाराकडे, किती रोजावर, किती महिन्यांच्या थकबाकीवर, हातमोज्यांशिवाय? शवविच्छेदनाच्या खोलीत प्रत्यक्ष हात कोणाचे चालतात? या माणसांच्या आडनावांची यादी काढली तर समाजशास्त्राच्या पदवीची गरज पडणार नाही. त्यांचा किमान वेतनाचा हिशोब दवाखान्याच्या गुणपत्रिकेत पहिल्या पानावर का नसावा?

नांदेड आठवा. ऑक्टोबर २०२३. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू, त्यातली १२ नवजात बाळं. मंजूर खाटांपेक्षा कितीतरी जास्त रुग्ण, रिकामी पदं, औषध खरेदीची बोंब, हे सगळं तेव्हा बाहेर आलं. त्याच्या दोन महिने आधी ठाण्यातल्या कळव्याच्या रुग्णालयात २४ तासांत १८ जण गेले होते. त्याआधी जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. प्रत्येक वेळी चौकशी समिती, प्रत्येक वेळी 'ऑडिट'. नांदेडला मात्र आणखी एक पाहणी झाली. सत्ताधारी पक्षाचे एक खासदार आले, घाण शौचालय त्यांना दिसलं आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन ते साफ करायला लावलं. कॅमेरे चालू होते. हे अधिष्ठाते आदिवासी समाजाचे. पुढे ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंद झाला. शौचालय साफ असायलाच हवं होतं, यात वाद नाही. पण खासदारांच्या मनात पहिल्यांदा काय यावं? सफाईची पदं किती मंजूर आहेत, किती रिकामी आहेत, ठेका कोणाचा आहे, हे प्रश्न आले नाहीत. झाडू कोणाच्या हातात द्यायचा, एवढंच आलं. सुटाबुटातला एमडी डॉक्टर असला तरी झाडूचा रस्ता त्याच्यापर्यंत बरोबर पोचतो. मुंबईत २०१९ च्या मे महिन्यात डॉ. पायल तडवी गेली, तीसुद्धा रुग्णालयाच्या कागदावर एक भरलेली जागा होती. डॉक्टर मोजताना त्यांच्याशी आत कसं वागतात हे मोजायचं नाही, असा नियमच दिसतो.

आकड्यांची लढाई आपल्याला नवीन नाही. १९३२ साली मताधिकारासाठी लोथियन समिती बसली होती. तोपर्यंत जनगणनेत कोट्यवधींनी मोजले जाणारे अस्पृश्य प्रांतोप्रांतीच्या कमिट्यांच्या हिशोबात एकाएकी कमी झाले. संयुक्त प्रांतात तर कोटीच्या घरातली संख्या काही लाखांवर आणली गेली. प्रतिनिधित्व द्यायची वेळ आली तशी माणसं गायब! बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. त्यांनी आपलं वेगळं टिपण जोडलं आणि अस्पृश्य कोणाला म्हणायचं, कसं मोजायचं, यावर भांडले. व्याख्या ज्याच्या हातात, मोजणी त्याच्या हातात, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. आजच्या आयपीएचएसच्या फॉर्मकडे आपण याच नजरेने बघितलं पाहिजे. तो डॉक्टर लोकांचा तांत्रिक विषय आहे म्हणून सोडून देता येणार नाही.

पण मग आपले आकडेही चोख हवेत. आपल्या पोस्टमधून एक आकडा सारखा फिरतो: दलित स्त्रीचं आयुर्मान सवर्ण स्त्रीपेक्षा १४.६ वर्षांनी कमी आहे. युएन विमेनच्या २०१८ च्या अहवालातला हा आकडा. तो आयुर्मानाचा नाही. मृत्यू झालेल्या स्त्रियांच्या सरासरी वयाचा आहे, ३९.५ विरुद्ध ५४.१. ज्या समाजात तरुण लोकसंख्या जास्त, तिथे हे सरासरी वय तसंही खाली येतं. फरक भयंकर आहेच, पण चुकीच्या नावाने फिरवला तर समोरचा त्या एका शब्दावर आपला सगळा मुद्दा उडवून लावतो. तेवढी संधी कशाला द्यायची?

आता आपल्याच बाजूने येणारी एक शंका. सरकारी दवाखाने नापास असं आपण ओरडलो की सरकार म्हणतं, बघा, चालवता येत नाहीत, खाजगीला देऊ. ही भीती खरी आहे. नीती आयोगाने जानेवारी २०२० मध्येच जिल्हा रुग्णालयं खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांना जोडायची योजना मांडली होती. नापासाचा शिक्का विक्रीची पाटी म्हणून वापरायचा, हा जुना धंदा आहे. पण म्हणून गप्प बसायचं का? उलटं विचारा: खाजगीला मार्क कोण देतं? केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. इथे १९४९ च्या नर्सिंग होम कायद्यावर काम चालतं आणि २०२१ मध्ये नियम सुधारून रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणं आलं. किती ठिकाणी लावलंय ते जाऊन पाहा. ज्याची मोजणीच होत नाही तो आपोआप चांगला ठरतो. आणि चळवळीतली काही मंडळी 'विमा कार्ड आहे ना, जा खाजगीत' म्हणतात, त्यांना आमचं सांगणं आहे की कार्ड ऑपरेशनला चालतं. रात्री दोनला विंचू चावला, बाळाला ताप चढला, कळा सुरू झाल्या, तर लागतं ते जवळचं सरकारी केंद्र. तेही वस्तीपासून किती लांब आहे हे बघा. निकष तीस हजार डोकी मोजतो, उपकेंद्र गावठाणात पाटलाच्या वाड्याशेजारी आहे की ओढ्यापलीकडच्या वस्तीजवळ, हे मोजत नाही. रुग्णालयाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून मोर्चे निघतात, निघावेत. त्याच रुग्णालयाचं रेफर रजिस्टर मागायला मात्र चार माणसं जमत नाहीत.

लोकांनी मोजायचं कसं, याचा धडा महाराष्ट्रात घालून दिलेला आहे. २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली लोकाधारित देखरेख सुरू झाली. पहिल्यांदा अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत. पुण्याच्या 'साथी' संस्थेने राज्यपातळीवर समन्वय केला. गावातल्या लोकांनी सेवांना हिरवा, पिवळा, लाल असे रंग दिले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते रंग मांडले. औषध बाहेरून आणायला लावणारे, पैसे मागणारे, मुक्कामी न राहणारे, सगळे तोंडावर उघडे पडले. जिथे लोकांनी धरून ठेवलं तिथे फरक पडला. पण पुढे तो जोर राहिला नाही. त्या कार्डात 'आमच्या वस्तीला वेगळी वागणूक' हा रकाना प्रत्येक गावात पहिला असता, असं आम्हाला वाटतं. तो आपण घालायचा.

कुठून सुरुवात करायची तेही लिहितो. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राने शेवटचा भरलेला आयपीएचएस फॉर्म माहितीच्या अधिकारात मागा. ४०,४५१ मध्ये आपलं केंद्र होतं का, हे आधी कळेल. मग गेल्या बारा महिन्यांत प्रसूतीसाठी आलेल्या आणि पुढे पाठवलेल्या बायकांची संख्या मागा, अनुसूचित जाती, जमाती आणि इतर अशी वेगळी. जननी सुरक्षेसाठी जात लिहिता, मग ही विभागणी निघू शकते, असं अर्जातच नमूद करा. रुग्ण कल्याण समितीच्या वर्षभरातल्या सभांचं इतिवृत्त आणि सदस्यांची यादी मागा. सफाईच्या ठेक्याची प्रत, दर महिन्याला दिलेली रक्कम आणि भविष्यनिर्वाह निधीचा भरणा मागा. गावपातळीवरच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीत अनुसूचित जातीच्या सदस्य म्हणून कोणाचं नाव आहे आणि त्या बाईला आपण सदस्य आहोत हे माहीत आहे का, हे वस्तीत बसून विचारा. उत्तर ऐकून गंमत वाटेल. अर्जाला दहा रुपयांचं शुल्क, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाही, उत्तराची मुदत तीस दिवस. रुग्णांची नावं मात्र मागू नका, फक्त संख्या मागा. नावं मागितली की खाजगी माहिती म्हणून अर्ज फेटाळायला त्यांना आयतं कारण मिळतं आणि वस्तीतल्या बायकांची नावं कागदावर फिरायला नकोतच. अर्ज एकाच्या नावाने टाकू नका. दहा पोरांनी दहा केंद्रांवर एकाच आठवड्यात टाका.